एका पुरवणीचे पॅकेज



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांच्या मनात ज्ञानेश्वरी येते, राज्यघटना येते, फार तर शेअर बाजार येतो. आजचा विषय पत्रिकेवर वाचून, हा कार्यक्रम एखाद्या कुरिअर कंपनीचा तर नव्हे ना, अशी शंका कोणास आली असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. विषय कारागिरीचा आहे. परंतु त्या कारागिरीच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो मराठी लिहिणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. मराठी लिहिणाऱ्यांसाठी कोणी एखादी चांगली सोय करून ठेवली, तर ती त्याच्यामागे टिकावी कशी? त्या प्रश्नापर्यंत जाण्यास थोडी कोरडी वाट चालावी लागेल. ती आम्ही शक्य तितकी आखूड करू.

प्रथम शब्दांचा निकाल लावू. पत्र सजवून, ठळक-तिरपी अक्षरे करून छापून देणारे सॉफ्टवेअर वेगळे, आणि टेक्स्ट एडिटर वेगळा. टेक्स्ट एडिटर हे नुसती अक्षरे लिहिण्याचे, शोधण्याचे व बदलण्याचे हत्यार आहे. प्रोग्राम लिहिणारी मंडळी दिवसभर त्यातच वावरतात. मोठ्या याद्या, कोश, सूची ह्यांवर काम करणारेही त्याच्या आश्रयाला जातात. ह्यात दोन घराणी जुनी. ईमॅक्सचा पहिला अवतार १९७६ साली अमेरिकेत एमआयटीत झाला, आणि आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८५ मध्ये लोकांपुढे ठेवला. व्हिम हा ब्राम मोलेनार ह्या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये. दोन्ही घराण्यांचे शिष्य एकमेकांस गवयांप्रमाणे नावे ठेवतात. त्या वादात आम्ही पडत नाही. उदाहरण मात्र ईमॅक्सचे घेऊ.

असा एडिटर कितीही मोठा असला तरी प्रत्येकाच्या गरजा त्यात भागत नाहीत. म्हणून त्याला बाहेरून जोडणी करता येते. तिला एक्सटेन्शन म्हणतात. आम्ही तिला पुरवणी म्हणू. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका पुरली नाही म्हणजे दोऱ्याने पुरवणी बांधतात, तसेच हे. आणि तो दोरा नीट बांधला नाही तर काय होते, हे येथल्या शिक्षकमंडळींस सांगावयास नको.

मराठीला पुरवणीची गरज का पडावी? एक साधे उदाहरण घ्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द आपण वेगळे लिहितो. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. हा फरक 'ऱ्य'मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र-वर उभा आहे. संगणकाच्या युनिकोड ह्या वर्णसंचात हा अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती चालतात. एका रीतीत मुळातच नुक्ता दिलेला वेगळा र घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत नेहमीच्या र-चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'ची कथा तशीच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी लोक 'अ'वर चंद्र ठेवीत, कोणी मध्ये ते अदृश्य जोडचिन्ह घालीत. म्हणजे डोळ्यांस एक अक्षर आणि यंत्रास तीन. आता एखाद्या सोसायटीच्या सभासदांच्या यादीत 'ॲड.' शोधू जा. तीन चिटणिसांनी तीन काळांत ती यादी लिहिली असेल, तर यंत्र एक-दोन वकील दाखवील आणि बाकीचे लपवील. ज्यांची नावे लपली ते वकील आहेत, हे लक्षात घ्या!

समजा, येथल्याच एखाद्या शाळेतल्या एका बाईंनी ह्यावर ईमॅक्ससाठी पुरवणी लिहिली. काम दोन-तीनशे ओळींचे. शोधताना अक्षराची कोणतीही रीत दिली तरी तिन्ही रीती सापडाव्यात, एवढेच तिने करावयाचे. बाई कल्पित आहेत. गरज कल्पित नाही. बाईंनी ती पुरवणी आपल्या संकेतस्थळावर ठेवली, खाली लिहिले, 'मराठीच्या सेवेसाठी मोफत'. पन्नास-शंभर लोकांनी ती घेतली, आशीर्वाद दिले. पुढे काय?

पुढे बहुधा असे होते. ईमॅक्सची नवी आवृत्ती येते, तीत काहीतरी बदलते आणि पुरवणी रुसते. बाईंची बदली होते, किंवा मुलीचे लग्न निघते, किंवा त्या सेवानिवृत्त होऊन गावी जातात. ज्या जागेवर पुरवणी ठेवली ती जागाही भाड्याचीच. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले आणि जगभरच्या हौशी लोकांची घरे एका दिवसात उठली. गूगल कोड नावाची प्रोग्राम ठेवण्याची मोठी धर्मशाळा होती. २०१६ च्या जानेवारीत तिला कुलूप लागले. लोक म्हणतात, इंटरनेटवर टाकले की कायम राहते. आमचे मत उलट आहे. इंटरनेटवर टाकले की कोणाचे तरी भाडे सुरू होते, आणि ते कोण भरणार हे ठरलेले नसते.

येथे वितरण नावाची संस्था उपयोगी पडते. लिनक्सवर चालणारे हजारो प्रोग्राम एकत्र करून, एकमेकांशी जुळवून, तपासून देणारी मंडळे आहेत. त्यांच्या त्या जुळवलेल्या संचाला वितरण म्हणतात. त्यांत डेबियन हे जुन्यांपैकी एक. इयन मर्डॉक ह्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. आपले नाव आणि डेब्रा ह्या मैत्रिणीचे नाव जोडून त्याने 'डेबियन' हा शब्द बनविला. आज सुमारे एक हजार अधिकृत सभासद जगभरातून ते चालवितात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. कंपनी नाही, मालक नाही. सभासद दरवर्षी मतदानाने नेता निवडतात. १९९७ साली त्यांनी एक सामाजिक करारनामा स्वीकारला, तो आजही बंधनकारक मानतात. डेबियनच्या कोठारात गेलेली वस्तू उबुंटूत जाते. आपल्या सी-डॅकने काढलेले 'बॉस' हे वितरणही डेबियनवरच उभे आहे. म्हणजे एका ठिकाणी नीट लावलेले रोप अनेक परसांत वाढते.

शांती नगरात राहणाऱ्यांस ही रचना समजावून सांगण्यास वेळ लागू नये. आपण सारे सहकारी सोसायट्यांत राहतो. फ्लॅट ज्याचा त्याचा. परंतु जिना, पाण्याची टाकी, गच्ची सर्वांची. एकाने मधली भिंत पाडली की खालच्याच्या छताला भेग जाते. म्हणून उपविधी असतात, आणि नवा सभासद येताना कागद पाहतात. डेबियनमध्ये पॅकेज म्हणजे असा सभासद. त्याला आपला फ्लॅट मिळतो. परंतु जिना अडवावयाचा नाही, दुसऱ्याच्या फायलींवर आपल्या फायली ठेवावयाच्या नाहीत, आणि निघून जाताना मागे कचरा ठेवावयाचा नाही.

कागद पाहण्याचा हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तेथे थोडे थांबू.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यात संगणकाचे प्रोग्रामही साहित्यकृतींत मोडतात. हक्क मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. लिहिले की हक्क उत्पन्न झाला, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो चालतो. आता बाईंचे 'मराठीच्या सेवेसाठी मोफत' हे वाक्य ह्या कायद्यापुढे ठेवा. मोफत, म्हणजे पैसे पडणार नाहीत, हे कळले. पण दुसऱ्याला देता येईल काय? बदलता येईल काय? बदललेली प्रत वाटता येईल काय? ह्या प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यात नाहीत, आणि जेथे उत्तर नाही तेथे कायदा 'नाही' असेच वाचतो. बाई दानशूर होत्या ह्याबद्दल कोणासही शंका नाही. परंतु दानपत्र केलेले नाही. बाईंच्या पश्चात ती पुरवणी दुरुस्त करून वाटणे साठ वर्षे तरी बेकायदा ठरेल, नाहीतर त्यांच्या वारसांना शोधत फिरावे लागेल. फ्लॅट हवेशीर, पूर्वेकडचा, स्टेशनजवळ. आणि करारपत्र नाही. घेणार कोण?

मोफत आणि मुक्त ह्या दोन शब्दांतले अंतर ते हेच. मराठीत सोयी करून देणारी मंडळी मनाने उदार, पण कागदाच्या बाबतीत फार बेफिकीर, असे आमचे मत झाले आहे. आणि जे कागद करतात त्यांतले काही भलत्याच सद्भावनेने करतात. 'फक्त शैक्षणिक उपयोगासाठी', 'व्यापारी उपयोगास मनाई' असे लिहिण्याची आपल्याकडे आवड आहे. ऐकावयास छान वाटते. डेबियनच्या नियमांत मात्र हे बसत नाही. तेथे कोणत्याही व्यवसायास वा व्यक्तीस वगळता येत नाही, आणि विकण्यासही बंदी घालता येत नाही. काहींना हे कठोर वाटते. परंतु विचार करा. मीरा रोड स्टेशनबाहेर डीटीपीचे दुकान चालविणारा गृहस्थ लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके मराठीत जुळवितो, पोटासाठी जुळवितो. व्यापारी उपयोगास मनाई म्हणजे त्याला मनाई. मराठी अक्षरांशी त्याचा जितका संबंध येतो तितका आपणांपैकी किती जणांचा येतो?

हे नियम डेबियन केवळ दुबळ्यांनाच लावते असे नाही. ईमॅक्सचे अधिकृत मार्गदर्शक पुस्तक ज्या लायसन्सखाली आहे, त्यात काही प्रकरणे कोणी बदलू नयेत अशी अट आहे. स्टॉलमन ह्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा त्यांतलाच. २००६ च्या मार्चमध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान केले आणि ठरविले की, न बदलण्याच्या अटीची प्रकरणे असलेले पुस्तक मुक्त मानता येणार नाही. परिणाम असा की, ज्या माणसाने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, त्याच्या एडिटरचे पुस्तक डेबियनने मुख्य कोठारातून काढून बाहेरच्या ओसरीवर, 'नॉन-फ्री' ह्या विभागात ठेवले. ते आजही तेथेच आहे. ह्यात अतिरेक झाला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र अशा मंडळाचा भरवसा वाटतो. जे गुरूचे कागद पाहते ते आपलेही नीट पाहील.

मराठीतले चांगले उदाहरण हवे असेल तर लोहित फॉन्टकडे पाहावे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपी करणाऱ्या कंपनीने, हे फॉन्ट मुळात घडविले, आणि रेड हॅट कंपनीने ते मुक्त लायसन्सखाली लोकांना दिले. २०११ मध्ये त्यांचे लायसन्स बदलून फॉन्टांसाठीच तयार केलेले ओपन फॉन्ट लायसन्स लावण्यात आले. कागद स्वच्छ असल्यामुळेच पुढच्या लोकांना त्यांवर हात चालविता आला. मराठीतला ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे. डेबियनमध्ये मराठीसाठी लोहितचे वेगळे पॅकेजच आहे. ते वळण कोणाच्या तिजोरीत राहिले असते तर आज आपण हिंदी वळणाचा ल निमूटपणे गिळत असतो.

असो. बाईंनी लायसन्सचा मजकूर जोडला असे धरू. आता पॅकेज बांधणाऱ्याचे काम सुरू. बांधणारा हा बहुधा लेखक नसतो, आणि नसावा हेच बरे. लेखकाला आपले घर आहे त्यापेक्षा मोठे दिसते. तो प्रथम जाहीर नोटीस देतो की, मी अमुक पॅकेज करू इच्छितो. त्यामुळे दोघांनी एकच काम करण्याचा प्रसंग टळतो. मग तो बाईंचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून शेजारी 'डेबियन' नावाचा एक कप्पा उघडतो. त्यात मुख्य फायली चार. कंट्रोल फाइलीत पॅकेजचे नाव, सांभाळणाऱ्याचे नाव, आणि ही पुरवणी चालण्यास आणखी कशाकशाची गरज आहे ती यादी. चेंजलॉगमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले ह्याची रोजनिशी. रूल्स म्हणजे बांधणीची कृती. आणि कॉपीराइट फाइलीत प्रत्येक फाइलीचा हक्क कोणाचा व लायसन्स कोणते, ह्याचा हिशेब.

ह्या शेवटच्या फाइलीने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. प्रत्येक फाइलीचा म्हणजे खरोखरच प्रत्येक फाइलीचा. समजा, पुरवणी बरोबर चालते की नाही हे तपासण्यासाठी बाईंनी एका गाजलेल्या कादंबरीतली दोन पाने टाइप करून चाचणीच्या फाइलीत ठेवली आहेत. निरागसपणे ठेवली, पोरांना शुद्धलेखन घालतात तशी. पण त्या कादंबरीचा लेखक हयात आहे, किंवा त्याला जाऊन साठ वर्षे झालेली नाहीत. तेवढ्यावर पॅकेज अडते. उपाय सोपा आहे: हरिभाऊ आपटे १९१९ साली वारले, त्यांचा उतारा खुशाल घ्यावा. तोही बांधणाऱ्याने परस्पर घालण्यापेक्षा बाईंना पत्र लिहून त्यांच्याच मूळ प्रतीत घालावा, हे शिष्टाचारालाही धरून आहे आणि सोयीचेही. जी दुरुस्ती मूळ प्रतीत जात नाही, ती दर आवृत्तीला पुन्हा करीत बसावे लागते.

ईमॅक्सच्या पुरवण्यांसाठी डेबियनमध्ये स्वतंत्र मंडळ आहे, आणि डीएच-एल्पा नावाचे त्याचे एक साधन आहे. अशा पॅकेजांची नावे 'एल्पा' ह्या उपपदाने सुरू होतात. ह्या साधनाची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. पुरवणी यंत्रास लवकर वाचता यावी म्हणून तिचे संक्षिप्त रूपांतर करावे लागते. हे रूपांतर पॅकेज बांधताना करीत नाहीत, ज्याच्या संगणकावर ते उतरते त्याच्याच घरी करतात. कारण कोणाकडे ईमॅक्सची कोणती आवृत्ती असेल ह्याचा नेम नाही. दळण दळून पाठविण्याऐवजी गहू पाठवावे आणि ज्याने त्याने आपल्या जात्यावर दळावे, असा हा प्रकार. पीठ शिळे होते, गहू होत नाहीत.

आणखी एक नियम कडक आहे. पॅकेज बांधले जात असताना इंटरनेटला हात लावावयाचा नाही. पुष्कळ पुरवण्यांच्या चाचण्या हळूच बाहेरून काहीतरी मागवून घेतात. त्या बंद कराव्या लागतात. बांधणीचा सारा माल घरात असला पाहिजे, म्हणजे दहा वर्षांनी कोणी पुन्हा बांधू म्हटले तर बाहेरचे दुकान बंद झाले म्हणून अडू नये. जिओसिटीज आणि गूगल कोडची आठवण ठेवली म्हणजे ह्या नियमाचा कडूपणा जातो.

घरातला माल तरी खरा कशावरून? ह्याचे उत्तर २०२४ साली जगाने भीतभीत शोधले. एक्सझेड नावाचे, फायली आवळून लहान करण्याचे एक साधन आहे. अगदी साधे, पण सर्वत्र वापरले जाणारे. लासे कॉलिन ह्या नावाचे एक गृहस्थ ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते, आणि थकले होते. जिया टॅन ह्या नावाने कोणीतरी मदतीला आले. दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे चांगले काम केले, विश्वास मिळविला, किल्ल्या हाती आल्या, आणि मग त्याने एका नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसविला. विशेष हे की, सर्वांना दिसणाऱ्या मूळ प्रतीत तो दरवाजा पुरता नव्हता. त्याला चालू करणारा तुकडा केवळ वाटण्यासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला, दुसऱ्या संगणकावर शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढे खटकले; त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते उघड केले. तोवर डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी विभागांत ती आवृत्ती पोहोचली होती. स्थिर विभागात, म्हणजे सामान्य माणसाच्या घरात, पोहोचली नव्हती.

ह्या प्रकरणावरून दोन गोष्टी आम्ही घेतो. बांधणाऱ्याने शक्य तो गाठोड्यावर विसंबू नये, मूळ प्रतीपासूनच काम करावे. आणि दुसरी गोष्ट अशी की, चोर शिरला तो कुलपाच्या दोषाने नव्हे. राखणदार एकटा आणि थकलेला होता म्हणून. आमच्या कल्पित बाईही एकट्याच आहेत.

पॅकेज बांधून झाले की ते थेट आत जात नाही. बांधणारा अधिकृत सभासद नसेल तर एखाद्या सभासदाने ते तपासून आपल्या सहीने पुढे पाठवावे लागते. मग नव्या पॅकेजांची रांग. तेथे माणसे बसलेली आहेत, आणि ती खरोखर कागद वाचतात. कधी काही दिवसांत सुटका होते, कधी काही महिने जातात. रेशनकार्डाच्या रांगेचा अनुभव असलेल्यांना हे जड जाऊ नये! रांगेतून सुटले की पॅकेज अस्थिर विभागात उतरते. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात, आणि अस्थिर विभागाचे नाव कायमचे 'सिड' आहे. तो त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. काही दिवस सिडच्या हाती राहूनही मोडले नाही, गंभीर तक्रार आली नाही, तर पॅकेज चाचणी विभागात जाते; आणि साधारण दोन वर्षांनी चाचणी विभाग गोठवून त्याचीच स्थिर आवृत्ती होते.

कोणी विचारील, आणि विचारावेच, की एवढा उपद्व्याप कशासाठी? २०१२ पासून ईमॅक्सला आतूनच पुरवण्या मागविता येतात. एक आज्ञा दिली की लेखकाने आज सकाळी लिहिलेली ओळ संध्याकाळी आपल्याकडे. ह्याउलट डेबियनच्या स्थिर आवृत्तीत दोन वर्षांपूर्वीची पुरवणी मिळते. आक्षेप खरा आहे. ज्याला रोज नवे हवे, ज्याच्याकडे इंटरनेट आहे आणि बिघडले तर दुरुस्त करण्याची उमेद आहे, त्याने थेट मागवावी. प्रत्येक पुरवणी डेबियनमध्ये यावी असेही आम्ही म्हणत नाही. आठवड्याला रूप बदलणारी पुरवणी तेथे कोंडून ठेवणे हा तिच्यावरही जुलूम आहे आणि वापरणाऱ्यावरही.

परंतु एखाद्या शाळेची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणा. वीस संगणक, इंटरनेट असले तर असले, आणि त्यांची देखभाल गणिताच्या शिक्षकांकडे जादा काम म्हणून आलेली. तेथे एकदा बसविले की दोन-तीन वर्षे कोणी हात लावणार नाही. त्या संगणकावर बसविणारा प्रोग्राम मराठीत बोलतो. डेबियनची स्थापना मराठीतून करता येते. मराठी फॉन्ट कोठारात आहेत. ॲस्पेल ह्या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचा मराठी शब्दसंग्रहही आहे. हा संग्रह पुरेसा आहे असे मात्र म्हणवत नाही. 'घर' माहीत असून भागत नाही; घरा, घरातला, घरातल्यांनासुद्धा अशी मराठीची वेल वाढतच जाते, आणि नुसत्या यादीने तिला कवेत घेता येत नाही. तेथे करण्यासारखे काम ढीगभर पडले आहे. पण जे आहे ते एका डिस्कवर मावते, इंटरनेटशिवाय बसते, एकमेकांशी जुळते, आणि कोणाच्या परवानगीवाचून दुसऱ्या शाळेला देता येते. बाईंची पुरवणी त्या डिस्कवर असणे आणि नसणे ह्यांत त्या वीस संगणकांपुरता सगळा फरक आहे.

राहिला तो सांभाळाचा प्रश्न. ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. बत्तीस वर्षे त्यांनी व्हिम सांभाळला. त्याची किंमत म्हणून ते काही मागत नसत, फक्त युगांडातल्या मुलांसाठी मदत पाठवा असे सुचवीत. ते गेल्यावर व्हिम थांबला नाही. बरोबर काम करणाऱ्यांनी तो पुढे घेतला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेली नवी आवृत्ती काढली. कागद होते, आणि माणसेही होती.

डेबियनमध्ये ह्यासाठी रीतसर व्यवस्था आहे. सांभाळणाऱ्याला जमेनासे झाले तर तो जाहीर करतो की, हे पॅकेज मी सोडतो. अशा पॅकेजाला तेथे 'अनाथ' म्हणतात. त्याची नोंद उघड्या यादीत होते, तात्पुरती देखभाल एक सामाईक मंडळ करते, आणि कोणीही 'मी दत्तक घेतो' असे कळवून ते घेऊ शकतो. सोडून देण्यात तेथे लाज मानीत नाहीत. न सांगता सोडण्यात मानतात. मराठी सोयींची अशी यादी आपल्याकडे कोठेच नाही. किती फॉन्ट, किती कळफलक, किती कोश करणारा थकल्यावर नुसते नाहीसे झाले, ह्याचा हिशेब लागणार नाही, कारण अनाथ झाल्याची नोंद करण्यास देखील कोणी नव्हते.

डेबियनचीही घरे बदलतात, हे सांगितले पाहिजे. ज्या जागेवर ह्यांतली पुष्कळ पॅकेजे बांधण्याचे काम चाले ती अलिओथ नावाची जागा २०१८ मध्ये बंद झाली. तेव्हा मंडळींनी आपले बिऱ्हाड साल्सा ह्या नव्या जागेत हलविले. एकेक पॅकेजाचे कागद उचलून नेले. ज्या पॅकेजांना पालक होता ती गेली.

हे काम शिकण्यास किती दिवस लागतात, असे तरुण मंडळी विचारतात. एक लहानशी पुरवणी बांधण्यास शनिवार-रविवार पुरतो. पहिल्या खेपेस तपासणीचे यंत्र दहा-बारा चुका काढील, दुसऱ्या खेपेस चार. इंग्रजी वाचता यावे लागते. उत्तम प्रोग्रामर असण्याची मात्र गरज नाही, नेटका स्वभाव असला म्हणजे झाले. सोसायटीचे दप्तर ज्यांनी निगुतीने ठेवले आहे अशी निवृत्त माणसे ह्यात आम्हांस फार पुढे जातील असे वाटते. कॉपीराइटची फाइल त्यांच्याच हाताला शोभेल. आज आम्ही बरोबर एक संगणक आणला आहे, आणि त्यावर डेबियनची तेरावी आवृत्ती घातलेली आहे. मराठीसाठी स्वतः काही लिहून ठेवलेले ज्यांच्याजवळ असेल, कळफलक, शब्दयादी, छोटीशी पुरवणी, त्यांनी आभारप्रदर्शनानंतर मागच्या टेबलापाशी यावे. लायसन्सचा मजकूर कोणता जोडावयाचा एवढे तरी आजच ठरविता येईल. त्याला दहा मिनिटे लागतात.